गस्तीवर निघालेल्या मुलास

मालवण

चिरंजीव निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

चिलिका येथील प्रशिक्षण संपून तुला तटरक्षक दलाच्या गस्ती नौकेवर नेमणूक मिळाली, हे वाचून तुझ्या आईला व मला फार समाधान वाटले. नेमणूक पश्चिम किनाऱ्यावरच आहे, म्हणून तुमचे काम आम्हा किनाऱ्यावरच्यांना कसे दिसते ते लिहितो.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते व तेथे मत्स्यव्यवसाय खात्याची नौका फिरते. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंत तुमची गस्त. १९८१ साली राज्याने आपल्या पट्ट्यासाठी कायदा केला आणि त्याच वर्षी केंद्राने परदेशी नौकांसाठी वेगळा केला. आपल्याच देशातला, पण परराज्यातला हायस्पीड ट्रॉलर (जाळे ओढत नेणारी वेगवान यांत्रिक नौका) या दोहोंमधल्या फटीतून नेमका निसटतो, कारण रात्री आत शिरायचे आणि गस्तीची चाहूल लागताच १२ मैलांबाहेर पळायचे, हे त्याला पक्के ठाऊक असते. गेल्या हंगामात आपल्या शेजाऱ्यांची जाळी अशीच गेली. सकाळी हाती लागले ते जाळ्याचे दोन-चार तरंगते बोये आणि सुरीने कापल्यासारखे दोरीचे टोक. ट्रॉलर कुठे होता, या प्रश्नावर ते ‘निवती रॉकच्या बाहेर’, म्हणजे समुद्रातल्या त्या खडकापलीकडे, एवढेच सांगू शकले, आणि तेवढ्यावर प्रकरण उभे राहत नाही.

म्हणून नौका अडवलीत की आधी अक्षांश, रेखांश व वेळ यांची नोंद होईल असे पाहा, मग माशांना भुलवणाऱ्या प्रखर दिव्यांचे व त्यांच्या जनरेटरचे फोटो, कागदपत्रे त्यानंतर. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, परंतु दिवे काढून ताडपत्रीखाली सारायला कितीसा वेळ लागतो!

खलाशांवर मात्र आवाज चढवू नकोस. ते पगारी माणसे, मालक बंदरात बसलेला असतो, आणि २०२१ च्या सुधारणेने लाखांत गेलेला दंड त्याच्याच खिशातून निघाला पाहिजे. मच्छीमारांचे संरक्षण व संकटकाळी मदत हे तुमच्या १९७८ च्या कायद्यातच कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पकडलेला खलाशीही त्यात येतो, असे मी मानतो.

३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, पण तेव्हा वाऱ्याचा भरवसा नसतो. लहान होड्यांपैकी कितीतरींवर वायरलेस नसतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस त्यांच्याकडे अधिक लक्ष असू द्यावे.

तुझे,
बाबा