क्रीडामंत्री साहेब, जर्सीचा फोटो झाला, आता मैदानाची फाईल मागवा

माननीय क्रीडामंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या फुटबॉल क्लबचा नवीन मालक आला आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहून जर्सी हातात धरून फोटो काढलात. जर्सीवर तुमचं नाव, खाली १ नंबर. फोटो मस्त आलाय, तक्रार नाही. फक्त एवढंच सांगायचंय की गेल्या ११ वर्षांतला हा आमचा चौथा मालक आहे आणि प्रत्येक वेळी अस्साच फोटो निघालाय, मालक बदलतो, मंत्री बदलतात, हार घालणारे तेच आणि स्टँडात बसणारे आम्हीही तेच.

भाषण पूर्ण ऐकलं. पाच वर्षांत टॉप डिव्हिजन आलं, अकॅडमी आली, परदेशी कोच आला, एलईडी स्क्रीन पण आला. एक शब्द काही केल्या आला नाही, मैदान. मैदान आज कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज आहे का, असेल तर कोणाचं, हे ना तुम्ही विचारलंत ना मालकाने सांगितलं. मी मागच्या रांगेतून हात वर केला होता पण माइक तिथपर्यंत पोचला नाही, म्हणून हे पत्र.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस पैशाचं सोडून जमिनीचं काय घेऊन बसलाय. सांगतो. फुटबॉल क्लब हा धंदा म्हणून बघितला तर येडेपणा आहे. इंग्लंडची दुसऱ्या नंबरची लीग घ्या, चॅम्पियनशिप. तिथे कित्येक सीझन असे गेलेत की सगळ्या क्लबांचं मिळून उत्पन्न शंभर असेल तर नुसते पगारच शंभराच्या वर. लाइट बिल, प्रवास, गवत कापणं हे सगळं अजून बाकीच. का करतात असं? कारण वरच्या लीगमध्ये गेलो की टीव्हीचा पैसा मिळेल ही आशा, आणि हीच आशा सगळ्यांना असते पण वर जाणार तीनच. मग दर महिन्याला खड्डा पडतो आणि तो मालक भरतो. इथेच गंमत आहे साहेब. मालकाने क्लबमध्ये पैसे टाकले असं पेपरात येतं ना, ते बऱ्याचदा टाकलेले नसतातच, उधार दिलेले असतात. क्लबच्या वहीत ते कर्ज म्हणून चढतात आणि कर्जाला तारण लागतं, आणि क्लबकडे तारण ठेवण्यासारखं असतं काय? खेळाडूंचे करार संपतात, बस भाड्याची, कप विकून कोण घेणार. उरतं मैदान. मालकाला कंटाळा आला की तो हात झटकून निघून जातो, मैदान मात्र कुठल्या तरी फायनान्स कंपनीच्या फाईलमध्ये अडकून बसतं. अशा क्लबला नवीन मालक मिळायला सुद्धा मारामार होते.

याच लीगमधल्या डर्बी काउंटी क्लबचं बघा. मालक गल्लीतलाच, लहानपणापासूनचा फॅन, मेल मॉरिस. लीगचा नियम असा की क्लबने ठराविक मर्यादेपेक्षा जास्त तोटा करायचा नाही. तर २०१८ मध्ये क्लबचं प्राइड पार्क स्टेडियम त्याने स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटी पाउंडच्या आसपास किमतीला विकलं. कागदावर नफा दिसला, मैदानावर एक वीटही हलली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, १२ पॉइंट त्याचे कापले, ९ हिशोबातल्या गडबडीचे, एकूण २१. इंग्लंडचा माजी कॅप्टन वेन रूनी कोच होता, पोरं जीव तोडून खेळली, तरी खाली गेले. आणि विकायला काढला तेव्हा घोळ बघा, क्लब प्रशासकाकडे आणि स्टेडियम जुन्या मालकाकडे. म्हणजे दोन वेगवेगळ्या दारात जाऊन दोन सौदे करायचे. एक परदेशी साहेब मोठ्या गाजावाजात आले, पैसे काही आलेच नाहीत. शेवटी डेव्हिड क्लाउज नावाच्या तिथल्याच बिल्डरने, तोही फॅन, आधी स्टेडियम घेतलं आणि मग जुलै २०२२ मध्ये क्लब. क्रम लक्षात घ्या, आधी स्टेडियम. दोन सीझन खालच्या लीगमध्ये काढून २०२४ ला टीम परत वर आली. म्हणजे फॅन मालक असला की सगळं चांगलं होतं असंही नाही, बुडवणारा पण फॅन आणि काढणारा पण फॅनच. माणूस चांगला की वाईट हे बघत बसण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात काय काय विकायची मुभा आहे ते बघा.

आणि जो वाचला नाही त्याचं पण ऐका. इंग्लंडमधल्या बरी गावचा बरी फुटबॉल क्लब, स्थापना १८८५, एफए कप ही तिथली जुनी मानाची स्पर्धा दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पाउंडला विकला गेला. हो, एका. नवीन मालकाकडे क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा लीगने आधी नीट घेतलाच नाही, व्यवहार होऊन गेल्यावर मागत बसले. क्लबचं गिग लेन मैदान त्याच्या आधीच्या मालकाच्या काळातच गहाण पडलेलं, पार्किंगच्या जागा पण गुंतवणूकदारांना विकून झालेल्या. आणि कहर म्हणजे त्याच सीझनला पगार थकलेले असताना टीम प्रमोट झाली, म्हणजे वरच्या लीगमध्ये गेली! खेळाडू आणि कोच अजून काय करणार होते सांगा. ऑगस्ट २०१९ मध्ये शेवटचे दोन-चार दिवस राहिले तेव्हा शेकडो लोक झाडू-फडकी घेऊन स्टेडियम साफ करायला गेले, मॅच झालीच तर खुर्च्या स्वच्छ असाव्यात म्हणून. २७ ऑगस्टला क्लबला लीगमधून काढून टाकलं. मला हे लिहिताना पण कसंतरी होतं, कारण आमच्या इथे पण मागच्या मालकाच्या वेळी आम्ही असेच रंगाचे डबे घेऊन गेलो होतो आणि गेटला कुलूप होतं.

पण पुढचं तुमच्यासाठी आहे. गिग लेन २०२२ मध्ये फॅन लोकांनी परत घेतलं आणि त्यात १० लाख पाउंड सरकारच्या फंडातून आले होते, लोकांनी आपल्या भागातल्या वास्तू स्वतः विकत घ्याव्यात म्हणून ठेवलेल्या फंडातून. सरकारने सेंटर फॉरवर्ड विकत घेऊन दिला नाही, मैदान घ्यायला मदत केली. आज तिथे परत मॅच होतात, बऱ्याच खालच्या लीगमध्ये, पण होतात.

आता तुमच्या भाषणातलं वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबचं उदाहरण. 'आपल्यालाही रेक्सहॅम करायचंय' असं म्हणालात आणि टाळ्या पडल्या. साहेब, हॉलिवूडवाले दोघं, रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी, क्लबचे मालक म्हणून आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. त्यानंतर २०२३, २४ आणि २५, सलग तीन प्रमोशन, सगळं खरं आहे, कौतुक आहेच. पण त्यांना विकत घ्यायला क्लब शिल्लक कसा राहिला हे कोणी सांगत नाही. २००४ मध्ये तिथल्या त्या वेळच्या मालकाने क्लबलाच स्वतःच्या मैदानातून बाहेर पडायची नोटीस दिली होती, कारण त्याला रस होता जमिनीत. क्लब प्रशासकाकडे गेला, १० पॉइंट गेले, कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठे ते मैदान, त्याचं नाव रेसकोर्स, क्लबकडे परत आलं. २०११ मध्ये पुन्हा बुडायची वेळ आली, लीगने अनामत मागितली, तर लोकांनी एका दिवसात १ लाख पाउंडच्या वर जमवले, आणि पुढची जवळपास दहा वर्षं क्लब फॅन लोकांच्याच ट्रस्टने चालवला. मोठी टीम नाही, स्टार नाही, पण कर्ज वाढू दिलं नाही. विकला तेव्हा पण सभासदांचं मतदान घेऊन विकला, ९८ टक्क्यांच्या वर होकार, आणि नाव, रंग, गाव बदलणार नाही असं आधी कबूल करून घेऊन. आणि नवीन मालकांनी २०२२ मध्ये काय केलं? मधल्या काळात तिथल्या युनिव्हर्सिटीकडे गेलेलं मैदान क्लबसाठी विकत घेतलं. त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी सगळ्यांनी बघितली, हे मात्र भाषणात येत नाही.

सगळेच नशीबवान नसतात. इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबच्या संचालकांनी आपलं गोल्डस्टोन मैदान १९९५ मध्ये विकून टाकलं, पुढे कुठे खेळायचं याचा पत्ता नसताना. १९९७ ला शेवटची मॅच झाली आणि नंतर दोन वर्षं 'घरची' मॅच ७० मैलांवर जिलिंगहॅमला. मग एका ॲथलेटिक्स ट्रॅकच्या मैदानावर १२ वर्षं, ट्रॅक मध्ये असल्यामुळे स्टँड इतका लांब की नंबर दिसला तर दिसला. नवीन स्टेडियमची परवानगी मिळायला एका मंत्र्याची सही २००५ मध्ये झाली, ती कोर्टात अडकली, दुसऱ्या मंत्र्याने २००७ मध्ये परत केली, आणि २०११ ला उघडलं. २०१७ मध्ये टीम इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये, २०२३ मध्ये युरोपातल्या स्पर्धेत. मालक टोनी ब्लूमच्या पैशाचं आणि त्याच्या आकडेमोडीचं सगळे गुणगान करतात, बरोबरच आहे, पण मैदान गेलं ते एका मीटिंगमध्ये आणि शेवटच्या मॅचनंतर पुन्हा स्वतःचं मैदान मिळायला १४ वर्षं लागली. त्या दोन मंत्र्यांनी खेळाडू निवडले नव्हते हो, जागेच्या कागदावर सही केली होती.

म्हणून तुमच्याकडून पैसे नकोत. खरंच नकोत. अनुदान दिलंत तर ते पुढच्या विंगरच्या एजंटच्या खिशात जाईल, आम्ही बघितलंय. आम्हाला हवंय ते एवढंच की क्लब ज्या मैदानावर खेळतो ते विकायचं, गहाण टाकायचं किंवा मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर फिरवायचं असेल तर बाहेरच्या एका स्वतंत्र यंत्रणेची परवानगी लागली पाहिजे. नुसतं नाहरकत पत्र नाही, तपासून दिलेली परवानगी. आणि क्लब हातात द्यायच्या आधी, आधी साहेब, नंतर नाही, मालकाने निदान एका सीझनच्या पगाराएवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, ज्याला त्याने हात लावायचा नाही. इटलीचा पार्मा क्लब २०१५ मध्ये बुडला तेव्हा काही महिन्यांत दोनदा १ युरोला विकला गेला होता आणि खेळाडूंना पगार नव्हता. चौथ्या डिव्हिजनपासून परत सुरुवात करावी लागली. कॅप्टन लुकारेली एकटा थांबला आणि तीन प्रमोशन करून २०१८ मध्ये टीमला परत वरच्या लीगमध्ये घेऊन आला, पण असे लुकारेली काय सरकारी कोट्यातून मिळत नाहीत.

नाव आणि रंगाचं पण घाला त्यात. वेल्समधल्या कार्डिफच्या निळ्या जर्सीच्या टीमला मालकाने २०१२ मध्ये लाल केलं, २०१५ मध्ये मुकाट्याने परत निळं करावं लागलं. आमच्या नवीन मालकाने पण 'ब्रँड रिफ्रेश' असा शब्द वापरलाय. मला घाम फुटला.

तुमचे अधिकारी म्हणतील की सरकारने फुटबॉलमध्ये हात घातला तर फिफा, म्हणजे जगभरचं फुटबॉल चालवणारी संघटना, बंदी घालते. भीती खोटी नाही, फिफाने देशच्या देश निलंबित केलेत. पण ती बंदी येते देशाच्या फुटबॉल फेडरेशनच्या कारभारात ढवळाढवळ केली की. क्लबचा मालक कोण, त्याच्याकडे पैसे कुठून आले आणि मैदान त्याला विकता येतं का, हा वेगळा विषय आहे. इंग्लंडने जुलै २०२५ मध्ये याच्यावर कायदा केला, वरच्या पाच डिव्हिजनसाठी स्वतंत्र रेग्युलेटर, मालकाची तपासणी, मैदान विकायला परवानगी, लोगो आणि रंगाला संरक्षण. युरोपची फुटबॉल संघटना युएफाने मध्ये पत्र लिहून नाराजी कळवली होती. मालकाला मान्यता देताना सरकारचं परराष्ट्र धोरण बघायचं असं एक कलम मसुद्यात होतं, ते काढून टाकलं आणि कायदा झाला. करायचं असलं की रस्ता निघतो. जर्मनीसारखी निम्म्यापेक्षा एक जास्त मत सभासदांकडे, ही पद्धत मला मनापासून आवडते, पण ती १९९८ मध्ये बसवता आली कारण तिथले क्लब आधीपासून सभासदांचेच होते. आमचा विकून झालाय. आता तसं म्हणणं म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका बघण्यासारखं आहे.

नवीन मालकाबद्दल माझं वाईट मत नाही हो. माणूस बोलायला बरा वाटला, तिकीट काउंटरवरच्या मुलींशी नीट बोलला, जुन्या फोटोंसमोर पाच मिनिटं थांबला. कदाचित हाच तो असेल. पण आधीच्या तिघांबद्दल पण पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन हेच बोललो होतो, बायकोला विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पूर्वेकडच्या स्टँडमधला एक सीझन तिकीटवाला

ता.क. ग्राउंड्समनचा मागच्या चार महिन्यांचा पगार अजून झालेला नाही. नवीन ऑफिसमध्ये विचारलं तर जुनी देणी जुन्या मालकाला विचारा म्हणाले. जुन्या मालकाचा फोन लागत नाही. त्या वेळच्या फोटोत तुमच्या खात्याचेच साहेब त्याच्या शेजारी उभे होते, त्यांच्याकडे नवीन नंबर असेल तर कृपया कळवा.