अजाईल नावापुरते, मंजुऱ्या पूर्वीइतक्याच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत गेली चौदा वर्षे नोकरी करताना 'अजाईल' (छोट्या टप्प्यांत, गरजेनुसार बदल करत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत) हा शब्द मी रोज ऐकतो. पण त्यासोबत यायला हवा तो निर्णयाचा अधिकार टीमकडे आलेला क्वचितच पाहिला. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 जणांनी अजाईलचा जो जाहीरनामा तयार केला, त्याच्या तत्त्वांत उमेदीच्या माणसांना लागेल ती मदत द्यावी आणि काम पार पाडण्याबाबत त्यांच्यावर विश्वास ठेवावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

आमच्याकडचा गेल्या महिन्यातला प्रसंग सांगतो. बिलाच्या पीडीएफवर तारखेतील दिवस आणि महिना उलटसुलट छापले जात होते. एका सहकारी मुलीने मंगळवारी दुपारी दोन ओळी बदलून ही चूक दुरुस्त केली आणि टेस्टरने तासाभरात ती तपासूनही दिली. त्यानंतर फॉर्म भरायचा होता: बदलाचे कारण, धोक्याची पातळी, बदल मागे घेण्याची योजना आणि तीन वरिष्ठांची मंजुरी. मंजुरी समिती दर गुरुवारी बसते. त्या गुरुवारी एक वरिष्ठ रजेवर असल्याने विषय आठवडाभर लांबला आणि तोवर ग्राहकांना चुकीच्या तारखांची बिले जात राहिली.

रोजची पंधरा मिनिटांची स्टँडअप, म्हणजे उभ्याने घ्यायची छोटी बैठक, टीमने आपसात दिवसाचे काम ठरवण्यासाठी असते. आमची पाऊण तास चालते, तीही बसून, आणि प्रत्येक जण मॅनेजरला हजेरी दिल्यासारखा बोलतो. काम किती मोठे आहे याचा टीमने बांधलेला अंदाज म्हणजे स्टोरी पॉइंट; त्याचे तर टार्गेटच झाले आहे. दोन टीमच्या पॉइंटची तुलना सुरू होताच कालचे तीन पॉइंटचे काम आज पाचचे झाले. आलेख चढला, सॉफ्टवेअर होते तिथेच राहिले. मॅनेजरांकडेही वरून आकडेच मागितले जातात, त्यामुळे सगळा दोष मी त्यांना देत नाही. शिवाय पॉइंट फुगवणाऱ्यांत मीही होतो.

बँकिंग किंवा वैद्यकीय सॉफ्टवेअरमध्ये कडक तपासणी आणि नोंदी लागतात, हे मान्य आहे. परंतु सहज मागे घेता येतील अशा छोट्या बदलांचा निर्णय तरी टीमवर सोपवावा, आणि पॉइंटचा आकडा टीमबाहेर, विशेषतः वार्षिक अप्रेझलमध्ये, नेऊ नये.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, वाकड, पुणे