नट आधी, जॅक नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत नव्या गाड्यांचे कौतुक भरपूर असते. जुन्या गाडीच्या दुरुस्तीलाही थोडी जागा द्यावी. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून वळताना ‘कट्‌कट्’ आवाज येऊ लागला. वाकून पाहिले, तर एक्सलचे (गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचे) रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचे आवरण, फाटलेले आणि ग्रीस रिमभर उडालेले. स्टेपनीपलीकडे आयुष्यात काही बदलले नव्हते, तरी एक्सल घरीच बदलायचे ठरवले.

गाडी जॅकवर चढवली आणि मग हबचा (चाकाच्या मध्यभागाचा) एक्सल धरून ठेवणारा मोठा नट सोडायला गेलो. चाक गरगरतेय, नट ढिम्म! तो चाक जमिनीवर असताना, गिअर टाकून, हँडब्रेक ओढूनच ढिला करायचा असतो. पुढे एक्सलचे गिअरबॉक्समधले आतले टोक पहारीने उपसताच गिअर ऑइल थेट बाहीत; खाली भांडे ठेवायचे सुचलेच नव्हते. (तो शर्ट बायकोने पुरावा म्हणून जपला आहे.) गाडीखाली शिरण्याआधी स्टँड लावले, एवढे मात्र बरोबर केले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जाऊ नये.

नवा नट मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळला, ऑइल भरले. अख्खा दिवस गेला. आवाजही गेला.

– एक नियमित वाचक