मंत्रिमहोदय, गाडा उचललात, आता हप्ता कुणी भरायचा?

माननीय नगरविकासमंत्री, गोवा राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या बुधवारी सकाळी पालिकेच्या ट्रकाने माझा चहा-भज्यांचा गाडा उचलून नेला. नोटीस नाही, पंचनामा नाही. तापलेलं तेल गटारात ओतलं. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, नुकतेच आलेले उंडे पावही गाड्यासोबत गेले. मतं मागायला आलेल्या उमेदवाराने आमच्या वाड्यावर शब्द दिला होता, एकाही गाड्याला हात लावू देणार नाही. त्या शब्दाचं काय झालं?

2014 चा फेरीवाला कायदा मी वाचला आहे. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होऊन विक्रीचे दाखले मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. पुढे हटवायचंच झालं तर 30 दिवस आधी नोटीस लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत द्यायचा असतो. शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के विक्रेते हवेत. आमच्या समितीत कोण आहे, हे पालिकेत कुणी सांगत नाही.

मार्च 2018 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारा आमचा टिप्पर ट्रक दारात गंजला, बँकेचे हप्ते मात्र सुरूच राहिले. घरात भाताची पेज सोडून काही नव्हतं. मंगळसूत्र गहाण टाकून मी गाडा घातला. त्या गाड्याने टिप्परचं कर्ज फेडलं, मुलीला नर्सिंगला पाठवलं. नवरा गेलेली शेजारीण माझ्याकडे भांडी घासायला आली, भजी तळायला शिकली आणि आज तिचा स्वतःचा गाडा आहे. माझ्या गल्ल्यातून पोदेराचा पैसा सुटतो, मिरच्या विकणाऱ्या म्हातारीचा सुटतो. गरिबी अशी हटते, साहेब. राज्य सरकार गृहिणींना दरमहा देतं त्या गृहआधारच्या 1,500 रुपयांत महिन्याचं वाणसामानसुद्धा भागत नाही.

फेरीवाल्यांना कर्ज देणाऱ्या केंद्राच्या स्वनिधी योजनेतून मला आधी 10 हजार, ते फेडल्यावर 20 हजार कर्ज मिळालं. सरकारने गाड्यासाठी कर्ज दिलं आणि सरकारनेच गाडा नेला!

त्याच 2014 साली मोठ्या गुंतवणूकदारांसाठी गोव्यात वेगळा कायदा झाला, मंडळ बसलं. मांडवीतल्या कॅसिनोंना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते. नदी अडली तर चालते, माझ्या चार फुटांनी रस्ता अडतो? मोठ्याला बसायला खुर्ची आणि आम्हाला दाराबाहेर ताटकळत ठेवायचं, ही कुठली रीत? हे एका पालिकेपुरतं नाही, सगळा कारभारच असा चालला आहे.

गाडा परत द्या. सर्वेक्षण करा, दाखले द्या, समितीची नावं पालिकेच्या फळ्यावर लावा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आहे आणि कर्जाचा हप्ता त्याच्याही आधी आहे.

डिचोली तालुक्यातील एक गाडेवाली