श्वास मोजला का, की नुसता लिहिला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ मे आला की परिचारिका दिनाचे लेख येतात, फोटो येतात, आमच्या सेवाभावाबद्दल, हसऱ्या चेहऱ्याबद्दल लिहिलं जातं, वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण गेली १७ वर्षं मी मेडिकल-सर्जिकल वॉर्डात मोठ्या माणसांची नर्सिंग करतेय आणि मला मनापासून सांगायचंय की पेशंट नुसत्या मायेनं वाचत नाही, काहीतरी बिनसतंय हे कुणाच्या तरी वेळेवर लक्षात येतं म्हणून वाचतो. आणि ते लक्षात यायला जी सगळ्यात साधी गोष्ट लागते तीच आम्ही, म्हणजे मीसुद्धा, कित्येक वर्षं खोटी लिहीत आलोय. श्वासाचा आकडा, म्हणजे मिनिटाला किती श्वास.

बऱ्याच वॉर्डांत चार्ट उघडून बघितला तर ताप वेगवेगळा दिसेल, पल्स वेगवेगळी, बीपी वेगवेगळं, आणि श्वासाच्या रकान्यात वरून खालपर्यंत १८, १८, २०, १८, म्हणजे सगळे नॉर्मल. न्यूमोनियाच्या पेशंटला १८, हर्नियाचं ऑपरेशन झालेल्याला १८, दोन उशा पाठीला लावून धापा टाकत बसलेल्या हार्टच्या पेशंटला पण १८. बीपीला मशीन आहे, सॅच्युरेशनला, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनला, बोटाला चिमटा लावला की झालं, पण श्वासाला कुणीतरी पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि ३० पेशंट असतील तर नुसता श्वास मोजण्यातच अर्धा तास जातो, त्यात इंजेक्शनं, ड्रेसिंग, अ‍ॅडमिशन, डिस्चार्ज सगळं त्याच हातांनी करायचं. म्हणून १८. शिकवत कुणी नाही, सिनिअरचं बघून आपोआप हाताला वळण लागतं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र आहे, ती मी आजवर फक्त दोघी-तिघींना सांगितलीये. पेशंट साठीच्या पुढचे, आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. रात्री १० ला राउंड घेतला, ते जागे होते, माझ्याशी बोलले, मी बीपी बघितलं, पल्स बघितली आणि श्वास लिहिला १८, न मोजता. २ वाजता परत गेले तर ते चादरीचे धागे उपटत बसलेले, मला म्हणाले गाडी खाली आलीये मला सोडा. कपाळाला घाम, हात लावला तर गार. पोट दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. मला नीट सांगता येत नव्हतं काय चुकतंय पण पोटात गोळा आला, मग मी आयुष्यात पहिल्यांदा वॉर्डात पूर्ण मिनिट श्वास मोजला. २८. परत मोजला, २८च. पल्स १०८, बीपी ११८/७६, सॅच्युरेशन ९६ ऑक्सिजनशिवाय, ताप ९९.

मी ड्युटी डॉक्टरांना फोन केला आणि म्हणलं, सर पेशंट बरोबर वाटत नाहीयेत. त्यांनी विचारलं बीपी किती, मी सांगितलं. सॅच्युरेशन? ते पण सांगितलं. श्वास २८ आहे म्हणलं तर म्हणाले आधी किती होता? आणि तिथं मी गप्प झाले हो. कारण आधी किती होता हे मलाच माहीत नव्हतं. चार्टवर माझ्याच अक्षरात १८ होता, त्याच्या आधीच्या तिन्ही ड्युट्यांचाही १८, आणि मला पक्कं ठाऊक होतं की यातला एकही खरा नाही. चार तासांत १८ चे २८ झाले असं छातीठोक सांगायला तोंडच नव्हतं, कदाचित संध्याकाळपासूनच २४ असेल, कदाचित आदल्या दिवसापासून हळूहळू चढत असेल. ते म्हणाले झोप नसेल लागत, अंगात थोडी कणकण असेल, सकाळी राउंडला बघू.

पहाटे ५ ला बीपी ८४ झालं. मग सगळे धावले. आतड्याचा जोड सुटून पोटात इन्फेक्शन पसरलं होतं, परत ऑपरेशन थिएटरात नेलं, मग कितीतरी दिवस आयसीयू. ते घरी गेले, पण दीड महिन्यानी, पोटावर शौचाची पिशवी लावून. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही असं म्हणणार नाही, त्यांनी उठून यायला पाहिजे होतं. पण त्यांना उठवायला जो पुरावा लागतो तो मी स्वतःच १० वाजता पुसून टाकला होता, हे मला आजही टोचतं.

आता हे २८ इतकं का महत्त्वाचं ते सांगते. शरीरात इन्फेक्शन पसरायला लागलं किंवा आतून रक्तस्राव होत असला की पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, रक्तात आम्ल वाढतं, आणि ते सावरायला, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकायला, शरीर श्वास वाढवतं. बीपी मात्र शरीर बराच वेळ धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळून, हृदय जोरात पळवून, म्हणून हातपाय गार पडतात आणि मशीनवर आकडा छान दिसतो. बीपी पडतं ते बऱ्याचदा शेवटी, हे सगळे प्रयत्न हरल्यावर. म्हणजे बीपी नॉर्मल आहे ना मग बघू, हे वाक्य म्हणजे भिंत कोसळेपर्यंत तडा बघायचा नाही असंच झालं. पल्ससुद्धा फसवते, बीपीसाठी बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणाऱ्या, गोळ्या चालू असतील तर रक्त जात असूनही पल्स म्हणावी तशी वाढत नाही. वयस्कर माणसाला तर मोठ्या इन्फेक्शनमध्येही ताप येईलच असं नाही, नुसतं बरळणं असतं किंवा उलट एकदम गप्प गप्प होतो, आणि घरचे म्हणतात आज शांत झोपलेत बरं झालं.

सॅच्युरेशनच्या चिमट्यावर आपण सगळे फार विसंबतो. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध चालू आहे आणि नाकाला ऑक्सिजन आहे, अशा पेशंटचा श्वास मिनिटाला ८ वर आला तरी चिमटा ९७ दाखवू शकतो. तो चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, माणूस किती वेळा श्वास घेतोय ते त्याला कळत नाही. अशा पेशंटला आधी गुंगी वाढते, हाक मारली की डोळे उघडतो, वाक्य अर्धवट सोडतो आणि परत मिटतो. ते बघायला कॉटजवळ माणूसच लागतो.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) नावाचा, पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखायचा स्कोअर आणला, २०१७ मध्ये सुधारला. मार्क जितके जास्त तितका धोका जास्त. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला २ मार्क, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर ३, तसेच पल्स, बीपी, सॅच्युरेशन, ताप, शुद्ध यांचे, आणि नव्यानं आलेल्या गोंधळलेपणाला सरळ ३. एकूण ५ झाले की तातडीनं बघायचं, ७ म्हणजे इमर्जन्सी. त्या रात्रीचे आकडे मी नंतर एकदा मांडून बघितले, श्वासाचे ३, गोंधळल्याचे ३, पल्सचा १, बरोबर ७ भरले. २ वाजताच. आणि श्वास १८ धरला असता तर ४. बिनसल्याची पहिली खूण देणारी गोष्टच आपण बसल्या जागी, न मोजता भरतो आणि मग म्हणतो स्कोअर काही उपयोगाचा नाही.

पण नुसता आकडा म्हणजे जजमेंट नाही हेही तितकंच खरं. २२ श्वास फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटचा नेहमीचा असू शकतो, आणि काल १४ असलेल्याचा आज २० झाला तर स्कोअर शून्य असूनही मी थांबून बघते. क्रिस्टीन टॅनर या अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेनं २००६ मध्ये नर्सच्या निर्णयाचे टप्पे मांडले, लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. त्यात त्या पेशंटला ओळखण्यावर फार भर देतात. काल हा माणूस कसा होता हे माहीत असल्याशिवाय आज बदललाय हे कळणार कसं? म्हणून रोज वेगळ्या वॉर्डात नर्स फिरवणं, ड्युटी बदलतानाचा हँडओव्हर दोन मिनिटांत उभ्या उभ्या उरकणं, याला माझा विरोध आहे. माणसं कमी असण्याचा विषय तर आहेच, नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे, ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. त्यामुळे आधी मोजायला वेळ होईल एवढी माणसं द्या आणि मग आम्हाला जाब विचारा, पण विचारा जरूर.

डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, रात्री नर्सचा फोन आला की बीपीच्या आधी श्वास विचारा. आणि माझ्या मैत्रिणींनो, फोनवर बरोबर वाटत नाही एवढंच म्हणून थांबू नका. काय झालंय, पेशंट कोण, कशाचं ऑपरेशन कितवा दिवस, आधीचा आकडा काय आत्ताचा काय, मला काय वाटतंय, आणि शेवटी स्पष्ट, सर तुम्ही आत्ता यायला हवंय. नाही आले तर वरच्यांना फोन लावा आणि वेळेसकट लिहून ठेवा. चिडतील, चिडू देत.

नातेवाइकांसाठी पण एक. सिस्टर पेशंटचं मनगट धरून काहीच न बोलता उभी दिसली तर ती रिकामी नसते. पेशंटला कळलं की श्वास मोजतायत तर त्याचा श्वास बदलतो, म्हणून आम्ही पल्स बघतोय असं दाखवून छातीकडे बघत असतो. त्या मिनिटात सलाईन संपत आलंय म्हणून हाक मारली की मोजणी पहिल्यापासून. आणि तुम्हाला वाटलं आज हे नेहमीसारखे नाहीयेत, तर येऊन तेच शब्द सांगा, वेड्यात काढतील म्हणून गप्प बसू नका, त्यांचं नेहमीचं कसं असतं ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहितीये.

आता मी चार्ट बघते तेव्हा एक खूण बघते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर आकडा कायम सम येतो, पाव मिनिट मोजून चौपट केलं तर चारच्या पाढ्यातला. विषम आकडा दिसला की बहुतेक पूर्ण मिनिट कुणीतरी उभं होतं. परवा एका नवीन मुलीच्या चार्टवर ओळीनं १७, १९, २३ होते, आणि २३ लिहून ती तशीच पेन हातात घेऊन माझ्याकडे आली होती.

आपली,
सर्जिकल वॉर्डातली एक स्टाफ नर्स