माहेरची

बुसान
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर बोलणं झालं, पण ते नेहमीसारखंच: जेवलीस का, थंडी आहे का, रेंज जातेय. दहा दिवस भटकून आले, ते सगळं फोनवर सांगायला बसले असते तर आईचा कुकर तीनदा झाला असता. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही चष्मा लावून मोठ्याने वाचा आणि सोन्याला समोर बसवा. नाहीतर तो फक्त फोटो मागेल.

सुट्टी चुसोकची. म्हणजे इथल्या कोरियन लोकांचा सुगीचा सण, आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच पडतो. यंदा मात्र यांचा अधिक महिना मध्येच येऊन गेला (आपला पुढच्या वर्षी, ज्येष्ठात), त्यामुळे चुसोक सरकत ६ ऑक्टोबरला गेला. आई, कॅलेंडर बघ: ६ ऑक्टोबर म्हणजे आपली कोजागिरी! पुढेमागे राष्ट्रस्थापना दिन, हांगुल लिपीचा दिवस, बदली सुट्टी आणि दोन शनिवार-रविवार. मधला एक शुक्रवार शाळेनेच सोडला. सलग दहा दिवस. पोरांपेक्षा मास्तर खूश.

पहिल्या दिवशी बाबांचं काम उरकलं. तुम्ही कधीपासून मागे लागला होता ना, की ती अयोध्येची राणी कोरियात आहे म्हणतात, बघून ये. तर गिम्हे बुसानला लागूनच आहे, विनाचालक छोट्या रेल्वेने गेले. तिच्या नवऱ्याची, राजा सुरोची, समाधी गावात आणि राणीची जरा पलीकडे टेकडीपाशी. समाधी म्हणजे गवताने मढवलेला मोठा गोल उंचवटा, बस. शेजारी एका छपराखाली लालसर दगडांचा ओबडधोबड मनोरा आहे, त्याचं नाव 'पासा'. कथा अशी, की इ. स. ४८ मध्ये 'आयुता' नावाच्या देशातून सोळा वर्षांची राजकन्या होडीतून आली आणि समुद्र खवळू नये म्हणून येताना हे दगड घेऊन आली. तिचं नाव हो ह्वांग-ओक. आयुता म्हणजे अयोध्याच का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. ही कथा ज्या ग्रंथात आहे तो तेराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी लिहिलेला. पण २००१ साली शरयूकाठी तिचं स्मारकसुद्धा झालं. मला त्या दगडांसमोर उभं राहून एवढंच वाटलं, की सोळाव्या वर्षी होडीत बसवून दिलेल्या मुलीने सोबत दगडच का घेतले असतील. आईने मला लोणचं दिलं होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तिच्या दोन मुलांनी आईचं 'हो' हे आडनाव लावलं. बाकीच्यांनी बापाचं, किम. म्हणून गिम्हेचे 'किम' आणि गिम्हेचे 'हो' यांच्यात परंपरेने लग्नं करत नाहीत. सगोत्र! आणि गिम्हेचे किम म्हणजे थोडेथोडके नाहीत, चाळीस लाखांच्या वर.

दुसऱ्या दिवशी खरा प्रवास. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी चुसोकला गावी बोलावलं होतं, हेनामला. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अगदी खाली. सणाच्या रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी सुटतात आणि सुटता सुटताच संपतात, त्यामुळे एसटी. म्हणजे इथली बस. बाबा, बसमध्ये कंडक्टर नाही. तिकिटावरचा चौकोन यंत्राला दाखवायचा, यंत्र टिंग करतं, आपला नंबर असेल त्या सीटवर बसायचं. सणाचे चार दिवस टोल माफ, म्हणून अख्खा देश रस्त्यावर. एरवी तीन तासांचा ग्वांगजूचा प्रवास, आम्हाला पावणेसहा लागले.

मध्ये सोमजिन नदीपाशी थांबा. ड्रायव्हरने पंधरा मिनिटं म्हणून सांगितलं. मी अक्रोडाच्या आकाराच्या गोळ्या घ्यायला रांगेत उभी राहिले, आत लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण असतं. परत येऊन बघते तर एकाच रंगाच्या वीस-पंचवीस बस ओळीने उभ्या! धावत एकीत चढले, अकरा नंबरवर बसले. एक आजोबा येऊन माझ्यासमोर आपलं तिकीट धरून उभे. त्यांचंही अकरा. ती बस सुनछनला चालली होती. खाली उतरले तर आमचा ड्रायव्हर बसांच्या मधून "ग्वांगजू, ग्वांगजू" ओरडत फिरतोय, अगदी मिरज स्टँडवर तुम्ही ओरडायचात तसा. यंत्र टिंग करून मोकळं झालं होतं, पण त्याने माणसं मोजली होती आणि एक कमी भरलं होतं. त्याने रागावून घड्याळ दाखवलं. मी त्याला दोन्ही हातांनी एक गोळी दिली. ती त्याने खाल्ली.

ग्वांगजूहून दुसरी बस धरून हेनाम, तिथून बाईंच्या गाडीने गाव. लाल माती. रताळी आणि कोबीची शेतं, किमचीचा लांबट कोबी असतो ना, तो. घर बैठं, पुढे अंगण, अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर मिरच्या वाळत घातलेल्या. क्षणभर आजोळीच आल्यासारखं वाटलं. बाईंच्या आई, वय ७९. सगळे त्यांना हाल्मोनी म्हणतात, म्हणजे आजी. मीही तेच म्हटलं. त्यांनी माझं तोंड न्याहाळलं आणि विचारलं, "इंदो?" मी हो म्हटल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मी गिम्हेची किम. आमची मूळ आजी तुमच्याकडची. तू माझ्या माहेरची."

चेष्टेत म्हणाल्या असं मला वाटलं. चेष्टाच होती. पण पुढचे पाच दिवस शेजारीपाजारी जो येईल त्याला माझी ओळख तशीच करून दिली. इथे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, त्यामुळे त्या जन्मभर किमच राहिल्या. घर मात्र नवऱ्याचं आणि पितरही नवऱ्याचे.

रविवार सगळा स्वयंपाकात गेला. आई, आता तुझा भाग. इथे चुसोकला सोंगप्योन करतात. भिजवलेले तांदूळ मीठ घालून गिरणीतून दळून आणायचे, ती ओलसर पिठी गरम पाण्यात मळायची, छोटी गोळी घेऊन वाटी करायची, आत तीळसाखर किंवा सोललेले चेस्टनट भरून अर्धचंद्र मिटायचा. मग चाळणीत पाइनच्या ताज्या सुया अंथरून वाफवायचे. उतरले की पाण्यातून काढून तिळाचं तेल चोळायचं. आपण उकड आधी काढतो, हे कच्च्या पिठाचेच वाफवतात, त्यामुळे चावायला चिवट. पण मळणं तेच, वाटी तीच, भेगा पडल्या की पाण्याचा हात तोच. हाल्मोनींनी माझा हात बघितला आणि काहीच न बोलता परात माझ्यापुढे सरकवली. जिचे सोंगप्योन सुबक तिला मुलगी देखणी होते म्हणतात. मी चार-पाचांना कळ्या पाडून मोदक केले. घरातल्या पोरांना वाटलं लसूण आहे.

चुलीपाशी बाई, त्यांची वहिनी, हाल्मोनी आणि मी. पुरुष बाहेर चेस्टनट सोलत होते, तेही बराच वेळ एकच. माशाचे, भोपळ्याचे, टोफूचे काप अंड्यात बुडवून तळायचे, ढीगभर. वहिनींनी ऐकवलं, की २०२२ मध्ये सुंगक्युनग्वानने, म्हणजे कन्फ्युशियन परंपरेच्या मुख्य संस्थेनेच, जाहीर करून टाकलंय: पितरांच्या ताटाला तळण लागत नाही, नऊ पदार्थ पुरे. हाल्मोनी म्हणाल्या, "ते जाहीर करणाऱ्यांच्या घरी तळतं कोण?" आणि पुढचा काप कढईत सोडला.

सोमवारी सकाळी पूजा, छारे. बाबा, तुम्ही महिन्यापूर्वी महालय घातलात, तेच डोळ्यांसमोर येत होतं. ताटं मांडायची दिशा ठरलेली: तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासे पूर्वेला, मांस पश्चिमेला. लसूण आणि लाल तिखट वर्ज्य. कोरियात लसणाशिवाय काही शिजत असेल यावर माझा विश्वास नव्हता, पण पितरांना तो चालत नाही. पीचही ठेवत नाहीत, पीचने आत्मे पळतात म्हणे. दार जरा उघडं ठेवायचं. दारू ओतायची, दोनदा साष्टांग वाकायचं. वाकायला पुरुष पुढे, बायका दारात. नंतर टेकडीवर थडग्यांना गेलो, तिथलं गवत मुलांनी दोन आठवडे आधी येऊन कापलं होतं. हाल्मोनी गुडघ्यांमुळे खालीच बसल्या, मी सोबत थांबले. मी विचारलं, तुमच्या आईवडिलांचं कोण करतं? "भाऊ करतो." मग शेंगा सोलत म्हणाल्या, "या घरच्या पितरांचं मी छप्पन वर्षं शिजवलं. त्यांना माझी चव कळली असेल आता."

दुपारच्या जेवणात फसले. या भागात होंगओशिवाय सण नाही. तो आंबवलेला मासा, पाकट. बाबा, भर उन्हातल्या जुन्या स्टँडची मुतारी आठवा आणि तो वास नाकातून वर थेट मेंदूत गेला असं समजा. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी गिळला, डोळ्यांतून पाणी आलं, टाळ्या पडल्या. दुसरा तुकडा मात्र माहेरची असूनही नाकारला.

रात्री ढग होते. आई, तू दिलेला दुधाचा मसाला मी मुद्दाम सोबत नेला होता. तीन लिटर दूध आटवलं. घरात कोणाला कळेना, की चांगलं दूध ही तासभर का जाळतेय. साडेनऊला आम्ही अंगणात. शेजारच्या तीन म्हाताऱ्या आल्या. या किनाऱ्याची एक जुनी रीत आहे, कांगगांगसुल्ले: चुसोकच्या चांदण्यात बायका हात धरून फेर धरतात. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या "कांगगांगसुल्ले" म्हणून झेलतात. सुरुवातीला संथ, मग पायांना गती येते. युनेस्कोच्या यादीत २००९ पासून आहे, पण अंगणात नाचायला आता कोणी उरलं नाही, मुलं शहरात. आम्ही सगळ्या मिळून आठ. फेर कसला, वाटोळं कडबोळंच. हाल्मोनी गुडघे विसरून मध्ये उभ्या राहून म्हणत होत्या. मग मला म्हणाल्या, तुमच्याकडचं म्हण. मी भोंडल्याचं म्हटलं, पाटावरच्या हत्तीशिवाय. त्यांनी माझ्या ओळीमागे "कांगगांगसुल्ले" झेललं आणि ते बसलं!

दहाच्या सुमारास ढग फाटले. तुमच्याकडे तेव्हा साडेसहा वाजले असतील, चंद्र नुकता वर आलेला, आणि तू पातेलं गॅसवर ठेवायच्या बेतात. हाल्मोनींनी दूध पितळीच्या वाटीत घेतलं, वास घेतला, यात दारू नाही ना विचारलं, आणि ओट्यावर चंद्राकडे तोंड करून वाटी ठेवली. त्यांना आपली रीत मी सांगितली नव्हती.

पुढचं थोडक्यात. मंगळवारी उल्दोलमोकची खाडी बघितली. तीनेकशे मीटर रुंद, पाणी असं फिरतं की बघून पोटात कसंतरी होतं. १५९७ मध्ये सेनापती ई सुन-शिनने इथे तेरा जहाजांनिशी जपानच्या १३३ जहाजांना अडवलं. भरती-ओहोटी पाठ असलेला माणूस. सोन्या, तुझ्या गनिमी काव्याच्या वहीत हे लिही. कांगगांगसुल्लेही त्यानेच सुरू केलं म्हणतात: बायकांना टेकडीवर फेर धरायला लावला, म्हणजे लांबून फौज मोठी वाटेल.

बुधवारी पूल ओलांडून जिंदोच्या बंदरावर गेलो. २०१४ मध्ये याच समुद्रात सेवोल बोट बुडाली. ३०४ माणसं गेली, त्यांत सहलीला निघालेल्या एकाच शाळेची २५० मुलं आणि ११ शिक्षक. कठड्याला पिवळ्या फिती अजून आहेत, बऱ्याचशा उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. चित्रकलेच्या बाई आणि मी तिथे फार बोललो नाही. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, की सहलीला निघताना त्या आता मुलं तीनदा मोजतात.

निघताना हाल्मोनींनी दहा किलो रताळी, तिखट आणि दारूच्या हिरव्या बाटलीत भरलेलं तिळाचं तेल बांधून दिलं. मी नको म्हटलं तर बाईंनी डोळे वटारले: माहेरी जाताना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. कोणाचं माहेर कुठे, याचा हिशोब एव्हाना पार उलटा झाला होता. बसमध्ये पिशवी फाटून रताळी शेवटच्या सीटपर्यंत गडगडली. सीट नंबर एक ते अठ्ठावीस, सगळ्यांनी आपापल्या पायाखालची आणून दिली.

आई, मसाला संपला. पुढच्या पार्सलमध्ये दोन पुड्या पाठव. एकीवर माझं नाव नको घालूस, ती हेनामला जायची आहे. बाबा, ग्वांगजूच्या बसचं तिकीट सोबत जोडलंय. भोक पाडलेलं नाही, तुमच्या पंचने तुम्हीच पाडा.

सोन्यास अनेक आशीर्वाद. आत्याला नमस्कार सांगा. कळावे,

तुमची,
ताई