व्हिएन्नाहून पत्र: योहान पालिसाविषयी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सीतेच्या नावाचा लघुग्रह खरोखरच आहे का आणि असल्यास ते नाव परदेशात कोणाला सुचले, असे आईने फोनवर विचारले होते. तो आहे. त्याचा क्रमांक 244 असून ऑक्टोबर 1884 मध्ये याच शहरातल्या विद्यापीठाच्या वेधशाळेतून योहान पालिसा यांनी तो शोधला. फोनवर एवढे सांगून भागले असते, पण पालिसांविषयी जसजसे वाचत गेले तसतशी बाबांची आठवण येत राहिली, म्हणून सविस्तर लिहिते.

पालिसांचा जन्म 6 डिसेंबर 1848 रोजी ऑस्ट्रियन सायलेशियातल्या ट्रोपाउ येथे झाला. ते गाव आज ओपावा या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. व्हिएन्नात शिक्षण आणि नंतर व्हिएन्ना व जिनिव्हा येथे साहाय्यकाची उमेदवारी करून 1872 साली, ऐन तारुण्यात, ते एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पोला बंदरातील ऑस्ट्रियन नौदलाच्या वेधशाळेचे संचालक झाले. तिथली दुर्बीण अवघी सहा इंची होती. तरीही 18 मार्च 1874 रोजी त्यांना पहिला लघुग्रह सापडला, त्याचे नाव त्यांनी ‘ऑस्ट्रिया’ ठेवले, आणि पोला सोडेपर्यंत त्यांच्या खात्यावर 28 लघुग्रह आणि एक धूमकेतू जमा झाला होता.

हे काम कसे चालत असे, ते बाबांना नक्की आवडेल. दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. तेजस्वी नाही, मोठा नाही, वेगळ्या रंगाचाही नाही. त्यामुळे क्रांतिवृत्ताजवळचा, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाजवळचा, आकाशाचा एक तुकडा निवडायचा, त्यातले अंधूक तारे नकाशाशी एकेक करून पडताळायचे, आणि नकाशात नसलेला ठिपका आढळला की त्याची जागा मोजून ठेवायची. काही तासांनी किंवा दुसऱ्या रात्री तो शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने सरकला असेल तर तो लघुग्रह. तिथेच असेल तर नकाशा करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला तारा. नकाशाच अपुरा असला तर सगळी रात्र फुकट, म्हणून पालिसांनी ताऱ्यांच्या याद्या आणि नकाशे करण्यातही आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. असे डोळ्यांनी पाहून त्यांनी एकूण 122 लघुग्रह शोधले. केवळ नजरेच्या बळावर इतके लघुग्रह दुसऱ्या कोणीही शोधलेले नाहीत.

आता बाबांची आठवण का आली ते सांगते. व्हिएन्नात वेरिंग भागात नवी वेधशाळा उभी राहत होती आणि तिच्यासाठी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून 27 इंची दुर्बीण येणार होती, जी पूर्ण झाली तेव्हा भिंगांच्या दुर्बिणींमध्ये जगात सर्वांत मोठी होती. ती हाताळायला मिळावी म्हणून पालिसांनी 1880 साली पोलाचे संचालकपद सोडले आणि इथे दुय्यम पद पत्करले. मुख्याध्यापकपद नाकारून बाबा दहावीला गणित शिकवत राहिले, तेव्हा आपल्याकडे किती दिवस अबोला होता ते आईला आठवत असेलच. पालिसांच्या घरी काय झाले असेल, देव जाणे! माझ्या मते त्यांचा हिशेब चोख होता, कारण उरलेले 94 लघुग्रह त्यांना याच शहरात सापडले.

सीता त्यांतलीच. तिच्या पंधरा दिवस आधी त्यांना ‘इडा’ सापडला होता. पालिसांना जन्मभर तो ठिपक्यापलीकडे दिसला नाही, पण 28 ऑगस्ट 1993 रोजी गॅलिलिओ यान त्याच्या जवळून गेले, आणि त्या छायाचित्रांत इडाभोवती फिरणारा जेमतेम दीड किलोमीटरचा चंद्र आढळला. लघुग्रहाला चंद्र असल्याचा तो पहिला भक्कम पुरावा. त्यांनी 1885 साली शोधलेल्या ‘मॅथिल्ड’जवळूनही 1997 साली यान गेले. कोळशासारख्या काळ्या अशा त्या लघुग्रहावरील विवरांना जगातल्या कोळसा क्षेत्रांची नावे आहेत आणि त्यांत आपले ‘दामोदर’ही आहे.

पैशाची चणचण मात्र होती. 1883 मध्ये पालिसा खग्रास सूर्यग्रहण पाहायला पॅसिफिकमधल्या कॅरोलाइन बेटावर गेले होते. बुधाच्याही आत ‘व्हल्कन’ नावाचा ग्रह असावा अशी तेव्हा समजूत होती. तो त्यांनी ग्रहणाच्या काळोखात शोधला, सापडला नाही, आणि परतताना व्हिएन्नाच्या संग्रहालयासाठी कीटक गोळा करून आणले. 1886 च्या ग्रहणाला जाण्यासाठी निधी हवा म्हणून त्यांनी लघुग्रहाला नाव ठेवण्याचा हक्क 50 पौंडांना विकायला काढला. 250 क्रमांकाचा लघुग्रह रॉथशिल्ड घराण्यातल्या बेटिना यांच्या नावाने ओळखला जातो, तो त्यातूनच. लोकांनी नाके मुरडली असतील, पण मला त्यात गैर वाटत नाही.

1891 पासून हायडलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रणाने लघुग्रह टिपायला सुरुवात केली. दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवत राहिली की काचेवर तारे ठिपके म्हणून उमटतात आणि लघुग्रहाची बारीक रेघ उठते. डोळ्यांनी शोधण्याचे दिवस संपत आले होते. पालिसांनी त्याचा राग धरला नाही; वोल्फ यांच्याशी मैत्री केली, त्यांना सापडलेल्या अंधूक लघुग्रहांचे पुढचे वेध मोठ्या दुर्बिणीतून घेतले, आणि दोघांनी मिळून छायाचित्रांवरून आकाशाचे नकाशे छापले.

1911 साली सापडलेला ‘अल्बर्ट’ मात्र हातचा निसटला. वेध थोडेच मिळाल्यामुळे त्याची कक्षा नीट ठरली नाही आणि तो हरवला, तो थेट 2000 साली पुन्हा सापडला. बाबा, थोड्या वेधांवरून कक्षा काढताना चूक कशी वाढत जाते, हे तुम्ही मला कागदावर करून दाखवा.

1919 साली पालिसा निवृत्त झाले, पण दुर्बीण वापरण्याची मुभा त्यांनी सोडली नाही; शेवटचा लघुग्रह 1923 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीजवळ शोधला आणि 2 मे 1925 रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले. ती दुर्बीण अजून इथे आहे. तुम्ही दोघे जूनमध्ये याल तेव्हा वेधशाळेच्या बागेत जाऊच. आत जाता येईल का, ते मी आधी विचारून ठेवते. जिना चढायचा असला तर बाबांनी आधी गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारावे, आणि ते काय म्हणाले ते आईने मला कळवावे.

तुमची,
मुक्ता